दात शिवशिवण्यावर कोणती टूथपेस्ट? पोटॅशियम, आर्जिनिन, स्टॅनस फ्लोराइड आणि नोव्हामिन यांची तुलना हवी आहे

वैशाली, सांगली

नमस्कार. माझे वय ४७ आहे. गेल्या दिवाळीपासून डाव्या बाजूच्या खालच्या दोन उपदाढा आणि त्याच बाजूचा वरचा सुळा यांना गार पाणी लागले की सणकन कळ जाते. ती दोन-तीन सेकंदांत ओसरते, पण तेवढ्यात डोळ्यांत पाणी उभे राहते. थंडीत सकाळी नळाच्या पाण्याने चूळ भरणे नको वाटत असे आणि आता उन्हाळ्यात कैरीच्या पन्ह्याची व लिंबू सरबताची धास्ती वाटू लागली आहे.

दंतवैद्यांना दाखवले. कीड कुठेही नाही, त्या तीन दातांवरून हिरडी मागे सरकली आहे, असे त्यांनी सांगितले आणि पोटॅशियम नायट्रेट असलेली एक पेस्ट लिहून दिली. मी ती आठ-नऊ दिवस वापरली, काहीच फरक जाणवला नाही म्हणून सोडून दिली. नंतर औषधांच्या दुकानात विचारले, तेव्हा दुकानदाराने आणखी तीन ट्यूब समोर ठेवल्या. एकीवर आर्जिनिन, दुसरीवर स्टॅनस फ्लोराइड आणि तिसरीवर कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट असे बारीक अक्षरांत छापलेले होते. तिन्हींची किंमत नेहमीच्या पेस्टपेक्षा बरीच जास्त होती, त्यामुळे काहीही न घेता परत आले.

या चारही पेस्टचे काम खरोखर वेगळे असते, की फक्त नावे वेगळी असतात? गुण येण्यासाठी किती दिवस थांबावे? आणि अशी पेस्ट वर्षानुवर्षे वापरली तर दातांना अपाय होतो का? आणखी एक विचारायचे आहे. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत आणि गेली कित्येक वर्षे मिश्री लावतात. त्यांचे दात हिरडीपाशी खाचा पडल्यासारखे झिजले आहेत आणि त्यांनाही गार-गरम सोसत नाही. त्यांना हीच पेस्ट आणून द्यावी का?

दंतवैद्य, पुणे

वैशालीताई, मी गेली बावीस वर्षे दंतवैद्यकाचा व्यवसाय करतो. तुमच्या प्रश्नाचे उत्तर थोडे लांबेल, कारण कळ का येते हे कळल्याशिवाय पेस्टमधला फरक कळत नाही.

दाताचा जो भाग आपल्याला दिसतो त्यावर एनॅमलचे कठीण कवच असते. मुळावर मात्र ते नसते, तिथे सिमेंटमचा अगदी पातळ थर असतो. हिरडी मागे सरकली की हा थर ब्रशच्या घासण्याने लवकर निघून जातो आणि आतले डेंटिन उघडे पडते. डेंटिनमध्ये दाताच्या गाभ्यापर्यंत जाणाऱ्या अतिसूक्ष्म नळ्या असतात, एका चौरस मिलिमीटरमध्ये हजारो. त्यांचा व्यास एक-दोन मायक्रॉन, म्हणजे आपल्या केसाच्या जाडीचा लहानसा अंश असतो, आणि त्यांत द्रव भरलेला असतो. गार पाणी, वारा किंवा गोड-आंबट पदार्थ लागला की हा द्रव नळीत सरकतो आणि नळीच्या आतल्या टोकाशी असलेल्या मज्जातंतूला ती हालचाल जाणवते. तीच तुमची कळ. स्वीडनचे संशोधक ब्रॅनस्ट्रॉम यांनी १९६०च्या दशकात प्रयोगांच्या आधारे ही उपपत्ती पुढे आणली आणि आजही उपचारांची मांडणी तिच्यावरच केली जाते.

यावरून उपायाच्या दोनच वाटा निघतात. एक तर मज्जातंतूला शांत करायचे, नाही तर नळीचे तोंड बुजवायचे. तुम्ही सांगितलेल्या चार घटकांपैकी पोटॅशियम पहिल्या वाटेने जाते, बाकीचे तिन्ही दुसऱ्या वाटेने. म्हणजे फरक नावापुरता नाही.

पोटॅशियम नायट्रेट साधारण ५ टक्के असते. त्यातील पोटॅशियम नळ्यांमधून हळूहळू आत जाते, मज्जातंतूभोवती साचते आणि तंतूची कळ पोचवण्याची क्षमता कमी करते. हे साचणे एका दिवसात होत नाही. दिवसातून दोनदा नेमाने वापरल्यावर दोन ते चार आठवड्यांत फरक जाणवू लागतो, काहींना आठ आठवडेही लागतात. आठ दिवस ही त्या पेस्टची परीक्षाच झाली नाही. तुम्हाला ती लिहून देताना ही मुदत स्पष्ट सांगायला हवी होती, आणि आम्ही दंतवैद्य घाईगर्दीत इथेच कमी पडतो. पेस्ट थांबवली की पोटॅशियम निघून जाते आणि नळ्या उघड्याच राहिलेल्या असल्याने त्रास परत येऊ शकतो. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की पोटॅशियमच्या पेस्टवरील चाचण्यांचा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००६ मध्ये जो आढावा घेतला, त्यात तिच्या परिणामकारकतेचा भक्कम पुरावा आढळला नव्हता. तरीही मी ती लिहून देतो, कारण ती तुलनेने स्वस्त आहे आणि माझ्या बऱ्याच रुग्णांना तिने आराम पडतो.

आर्जिनिन हे लाळेतही आढळणारे अमिनो आम्ल आहे. पेस्टमध्ये ते ८ टक्के असते आणि सोबत कॅल्शियम कार्बोनेट असते. दोन्ही मिळून डेंटिनच्या पृष्ठभागाला चिकटतात, तिथली आम्लता कमी करतात आणि कॅल्शियम व फॉस्फेट यांचा थर साचवून नळ्यांची तोंडे बुजवतात. ही पेस्ट बोटाच्या टोकावर घेऊन दुखऱ्या जागी मिनिटभर चोळली तर काहींना त्याच दिवशी उतार जाणवतो. मात्र तो टिकवण्यासाठी रोज दोन वेळा ब्रश करायलाही तीच वापरावी लागते.

स्टॅनस फ्लोराइड हे कथिलाचे संयुग आहे, पेस्टमध्ये त्याचे प्रमाण ०.४५४ टक्के असते. नळ्यांच्या तोंडाशी बसणारा त्याचा साका आंबट पदार्थांपुढे बऱ्यापैकी टिकतो, शिवाय फ्लोराइडमुळे किडीपासून संरक्षण मिळते आणि हिरड्यांतून रक्त येणेही कमी होते. दोष दोन. काहींच्या दातांवर तपकिरी डाग पडतात, ते दंतवैद्याकडून स्वच्छ करून घेता येतात; आणि काहींना चव धातूसारखी, तुरट लागते.

कॅल्शियम सोडियम फॉस्फोसिलिकेट म्हणजेच नोव्हामिन. अमेरिकेत लॅरी हेंच यांनी १९६९ मध्ये हाडाशी एकजीव होणारी जी जैवकाच तयार केली, तिचीच ही बारीक पूड. लाळ लागली की तिच्यातून कॅल्शियम आणि फॉस्फेट सुटतात आणि दाताच्या खनिजासारखाच थर नळ्यांवर जमतो. पाणी लागताच क्रिया सुरू होत असल्याने अशा पेस्टमध्ये पाणी घातलेले नसते, म्हणून ती तोंडात थोडी वेगळी लागते.

जुन्या लोकांना स्ट्रॉन्शियमची पेस्ट आठवत असेल. सेन्सोडाइन १९६१ मध्ये अमेरिकेत आली ती १० टक्के स्ट्रॉन्शियम क्लोराइड घेऊनच. ते फ्लोराइडशी नीट जुळत नाही, त्यामुळे आता मागे पडले आहे.

माझे मत विचाराल तर, गार पाण्याबरोबर आंबटही सोसत नसेल तेव्हा नळ्या बुजवणारी पेस्ट निवडावी. तुमच्या बाबतीत मी स्टॅनस फ्लोराइड सुचवेन, चव न रुचल्यास आर्जिनिन. या तिघींपैकी एक बाकी दोघींपेक्षा निर्विवाद सरस आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. या चाचण्यांमध्ये साधी पेस्ट दिलेल्या गटालाही बराच आराम पडलेला दिसतो, म्हणून थोड्या फरकाच्या आकड्यांवर मी फार भिस्त ठेवत नाही.

निवडीइतकेच महत्त्व वापराच्या पद्धतीला आहे. मऊ ब्रश घ्या, वाटाण्याएवढी पेस्ट घ्या, दोन मिनिटे हलक्या हाताने घासा आणि नंतर फक्त थुंका. पेल्याभर पाण्याने खळखळून चुळा भरल्या तर औषध वाहून जाते. रात्री झोपण्यापूर्वीची वेळ चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी सुटते आणि लावलेली पेस्ट दातांवर जास्त वेळ टिकते.

दीर्घ वापराबद्दल: फ्लोराइड असलेली अशी पेस्ट दंतवैद्याच्या देखरेखीखाली वर्षानुवर्षे वापरता येते. चार आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर मात्र पेस्ट बदलत बसू नका, परत दाखवा.

मिलिंद, ठाणे

डॉक्टरांनी चुळांबद्दल लिहिले आहे, तीच चूक मी वर्षभर करत होतो. आर्जिनिनची महाग पेस्ट आणायची आणि लगेच चार-पाच चुळा भरायच्या, असे चालले होते. चुळा बंद केल्यावर आणि रात्री दुखऱ्या दोन दातांवर बोटाने पेस्ट चोळू लागल्यावर दहा-बारा दिवसांत फरक पडला. त्याआधी मी पोटॅशियमची पेस्ट पाच आठवडे नेमाने वापरली होती, तिनेही आराम पडला होता, पण हळूहळू आणि अर्धवट.

वैशालीताईंना एक विचारावेसे वाटते. आपण उजव्या हाताने ब्रश करता का? माझाही त्रास डाव्या बाजूलाच होता आणि तपासताना दंतवैद्यांनी मला आरसा हातात देऊन दाखवले की उजव्या हाताने आडवे, जोर लावून घासणाऱ्यांच्या डाव्या बाजूचे सुळे आणि उपदाढा हिरडीपाशी जास्त झिजतात, कारण तिथे हात सरळ आणि जोरात चालतो. माझ्या ब्रशचे केस महिन्याभरात बाहेर फाकत असत. तेव्हा मला वाटायचे की ब्रश हलक्या प्रतीचा आहे. आता मी ब्रश मुठीत न धरता पेनासारखा बोटांत धरतो, केस हिरडीकडे तिरके ठेवून जागच्या जागी हलवतो, आणि तोच ब्रश तीन महिने चांगला राहतो. पेस्टइतकाच मला या बदलाचा उपयोग झाला, असे मी खात्रीने म्हणेन.

अनिल, नाशिक

जाहिरातींबद्दल थोडे. २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सेन्सोडाइनच्या जाहिरातींतील जगभरातील दंतवैद्यांच्या शिफारशीचा आणि जगातील पहिल्या क्रमांकाचा दावा दिशाभूल करणारा ठरवला, त्या जाहिराती थांबवायला सांगितल्या आणि १० लाख रुपये दंड केला. आधारासाठी दिलेली सर्वेक्षणे फक्त भारतातील दंतवैद्यांची होती, हे त्यातले मुख्य कारण होते. यावरून ती पेस्ट निरुपयोगी ठरत नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो. आक्षेप जाहिरातीच्या शब्दांवर होता. दुकानात उभे असताना ट्यूबच्या पुढच्या बाजूवरील मोठ्या अक्षरांऐवजी मागची घटकांची यादी वाचावी, एवढेच मला सुचवायचे आहे.

प्राजक्ता, न्यू जर्सी

अनिलरावांच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडते. भारतातून येताना आई माझ्यासाठी सेन्सोडाइन रिपेअर अँड प्रोटेक्ट घेऊन आली होती आणि त्यात नोव्हामिन होते. ती संपल्यावर मी इथल्या दुकानातून त्याच नावाची पेस्ट आणली, तर तिच्यात नोव्हामिन नव्हते, स्टॅनस फ्लोराइड होते. नाव तेच, रंगसंगती जवळपास तीच, औषध मात्र वेगळे. अमेरिकेत दातांच्या संवेदनशीलतेवरील टूथपेस्ट औषधात मोडते आणि खोक्यावर औषधी घटकाचे नाव व प्रमाण चौकटीत छापलेले असते, त्यामुळे मला हे लगेच कळले. त्याच चौकटीत दंतवैद्याच्या सल्ल्याशिवाय चार आठवड्यांहून अधिक काळ वापरू नये, अशी सूचनाही असते. ती वाचून मी घाबरले होते. इथल्या दंतवैद्यबाईंनी समजावले की अपायाची भीती हे त्या सूचनेमागचे कारण नाही, चार आठवडे उलटूनही दुखत असेल तर दुसरा काही आजार दडलेला असू शकतो आणि तो तपासायला हवा, असा तिचा अर्थ आहे.

तेव्हा परदेशातून कोणाकडून पेस्ट मागवणार असाल, किंवा इथे कोणासाठी आणणार असाल, तर फक्त नाव सांगू नका, घटक सांगा.

वैशाली, सांगली

सर्वांचे मनापासून आभार. मिलिंदराव, आपला प्रश्न वाचून मी आरशासमोर उभी राहिले. मी उजव्या हातानेच घासते, आडवे घासते, आणि माझ्या ब्रशचे केसही फाकलेले आहेत. चुळाही भरपूर भरते. पहिल्या पेस्टला मी नीट संधीच दिली नाही, हे आता कळते आहे.

डॉक्टर, दोन शंका राहिल्या. पन्हे, कोकम सरबत, चिंचेची आमटी हे आमच्या घरी उन्हाळाभर असते. ते पूर्ण बंद करावे लागेल का? आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करून टाकला तर बरे पडेल, असे मला वाटत होते. आणि सासूबाईंच्या मिश्रीबद्दल कृपया सांगा.

दंतवैद्य, पुणे

आंबट खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नका. आपल्याकडे दात आंबले असे म्हणतात, त्या वेळी दाताचा पृष्ठभाग खरोखरच मऊ झालेला असतो. तोंडातील पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागते, आणि उघडे डेंटिन तर त्याच्याही बरेच आधी. कैरी, कोकम, चिंच, लिंबू ही सगळी त्या पातळीच्या खाली नेणारी आहेत. अशा मऊ पृष्ठभागावर ब्रश फिरवला तर तो थरच घासून निघतो, आणि महाग पेस्टने जे बुजवले तेही त्यासोबत जाते. निदान अर्धा तास, शक्य असल्यास तासभर थांबा. तोवर लाळ आपले काम करते आणि खनिजे परत बसू लागतात. तोपर्यंत साध्या पाण्याने एक चूळ भरलीत तर चालेल. पेस्टनंतर टाळायची ती चूळ इथे उपयोगी पडते.

बंद करायची गरज नाही. किती प्यालात यापेक्षा किती वेळा आणि किती वेळ प्यालात हे दातांच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. पन्ह्याचा पेला दुपारभर घोट घोट घेत बसण्याऐवजी जेवणासोबत एकदाच घ्या आणि तोंडात घोळवू नका. चिंचेच्या आमटीची मला फारशी काळजी वाटत नाही, ती भाताबरोबर जाते. रोज सकाळी उपाशीपोटी गरम पाण्यात लिंबू पिळून घेण्याची सवय असेल तर ती मात्र सोडावी. अलीकडे माझ्याकडे येणाऱ्या झिजलेल्या दातांमागे ही सवय वारंवार आढळते. पित्ताचा त्रास असून आंबट पाणी घशाशी येत असेल तर तेही कारण असू शकते, त्यावर उपचार घ्या.

आता सासूबाईंबद्दल. मिश्री म्हणजे तंबाखू भाजून केलेली पूड. ती खरखरीत असते, बोटाने रोज दातांच्या मानेशी रगडली जाते, आणि त्या खाचा अशाच पडतात. पेस्टने बुजवलेले दुसऱ्या दिवशी मिश्रीने घासून काढायचे, असा प्रकार चालू राहील, म्हणून नुसती पेस्ट आणून देऊन भागणार नाही. खाचा खोल असतील तर त्या ग्लास आयोनोमर किंवा कॉम्पोझिटने भरून घ्याव्या लागतात. त्याने शिवशिवणे तर थांबतेच, शिवाय दात तिथून मोडण्याचा धोकाही कमी होतो. राखुंडी आणि खरखरीत लाल मंजन यांनीही अशीच झीज होते, म्हणून मिश्रीला पर्याय म्हणून ती देऊ नका.

याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचे तोंड आतून तपासून घ्या. मिश्री हा तंबाखूच आहे आणि त्याने तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. गालाच्या आत किंवा हिरडीवर पांढरा अथवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत भरून न येणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे यांपैकी काही असेल तर उशीर करू नका. इतक्या वर्षांची सवय एका दिवसात सुटणार नाही आणि घरच्यांनी डबी लपवल्याने तर मुळीच सुटत नाही. १८०० ११ २३५६ ही तंबाखू सोडण्यासाठीची राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवा आहे, तिथे समुपदेशन मिळते. माझ्या कित्येक वयस्कर रुग्णांनी सकाळची एक वेळ आधी सोडली, मग दुपारची, असे करत मिश्री बंद केली आहे.

सुनंदा, बेळगाव

मला थोडे वेगळे सांगायचे आहे, कारण माझ्या बाबतीत पेस्टमुळे वेळ वाया गेला. उजवीकडची खालची दाढ गार पाण्याने शिवशिवायची. मी कोणालाही न दाखवता अशी पेस्ट आणली आणि पाच महिने वापरली. थोडे बरे वाटायचे, म्हणून निश्चिंत राहिले. दरम्यान भाजलेले शेंगदाणे किंवा चकली चावताना कधीकधी टोचल्यासारखे व्हायचे, आणि तेही चावताना नाही, दात उघडताना. हा फरक मला तेव्हा समजला नाही. पुढे रात्री आपोआप ठणका सुरू झाला, गरम चहा प्यायल्यावर दहा-पंधरा मिनिटे दुखत राहू लागले. तपासले तेव्हा दाढेला उभी चीर गेलेली निघाली. रूट कॅनाल करून वर टोपी बसवावी लागली. आधी आले असते तर नुसत्या टोपीवर भागले असते, असे त्या वेळी दंतवैद्यांनी सांगितले.

वैशालीताईंनी आधीच तपासून घेतले आहे हे चांगले केले. पण ज्यांनी दाखवलेले नाही आणि वरची माहिती वाचून थेट दुकानात जाणार आहेत, त्यांनी एवढे पाहावे: गार लागल्यावर येणारी कळ गार बाजूला होताच थांबते का? ती रेंगाळत असेल, आपोआप येत असेल, रात्री झोप मोडत असेल किंवा एकाच दाताने चावताना होत असेल, तर ते पेस्टने बरे होणारे दुखणे नाही.

वैशाली, सांगली

सहा आठवड्यांनी लिहिते आहे. स्टॅनस फ्लोराइडची पेस्ट आणली, मऊ ब्रश घेतला, चुळा बंद केल्या. पहिला आठवडा चव सहन करण्यात गेला. तिसऱ्या आठवड्यापासून नळाचे पाणी सोसू लागले, आता फ्रिजमधले पाणीही उपदाढांना लागत नाही. सुळ्याला मात्र अजून कळ येते, म्हणून परत दाखवले. तिथे हिरडीपाशी लहानशी खाच आहे, ती पुढच्या मंगळवारी भरायची ठरली आहे.

सासूबाईंनाही सोबत नेले होते. तोंडात चट्टा वगैरे काही नाही. चार दातांच्या खाचा दोन बैठकींत भरल्या, आणि पहिल्या बैठकीनंतर त्यांनी स्वतःहून गार ताक मागून प्यायले. सकाळची मिश्री त्यांनी पंधरा दिवसांपासून बंद केली आहे. संध्याकाळची अजून चालू आहे.